उसना बेडका

बिभीषणला खोकला येत नव्हता आणि तो यावा म्हणून सकाळी सहाला अर्धी गल्ली त्याच्या दारात जमली होती.

तो उंबऱ्यावर उकिडवा बसला होता. हातात सरकारी दवाखान्यानं दिलेली झाकणाची डबी. पारूमावशी, म्हणजे त्याची आई, त्याच्या पाठीवर थापा मारत होती. लेकराला ठसका लागला की तो थांबावा म्हणून मारतात तशाच, फक्त इथं तो लागावा म्हणून. कुणी म्हणालं उड्या मार, त्यानं मारल्या. कुणी म्हणालं बिडी ओढ, तर पारूमावशीनं त्या माणसाच्या घरादाराचा उद्धार केला. शेवटी शेजारच्या कौशीकाकूनं चुलीवरच्या तव्यात लाल मिरच्या टाकल्या. मग मात्र खोकला आला. कौशीकाकू खोकली, पारूमावशी खोकली, मी तर मोडूनच पडलो, समोरचे आंधळे तात्या कुठं आग लागली म्हणत बाहेर आले, कुत्रं शिंकलं. बिभीषण तेवढा डबी धरून स्वच्छ डोळ्यांनी आमच्याकडं बघत बसला.

"येईना बे," तो मला म्हणाला. "छातीत काहीच राहिलं नाही."

मी म्हणालो, सहा महिन्यांखाली डबा भरून देत होतास, तेव्हाच थोडा मागं ठेवायला पाहिजे होता.

तो हसला. तेव्हा माझं काम तेच होतं. तालीम असो, वरात असो, मयत असो, मी काहीतरी बोलायचो आणि लोक हसायचे.

सहा महिन्यांखाली त्याला टीबी निघाला होता. तेव्हा औषध दिवसाआड असायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार दवाखान्यात जायचं, सिस्टरसमोर मूठभर गोळ्या गिळायच्या आणि तोंड उघडून दाखवायचं. बिभीषणनं एकही वार चुकवला नाही. आमच्या गल्लीत एवढ्या शिस्तीनं पाण्याचा टँकरसुद्धा येत नसे. आता गोळ्या संपल्या होत्या आणि शेवटची तपासणी बाकी होती. बेडका साफ निघाला की कागदावर 'बरा झाला' असं लिहून मिळणार होतं. पण आदल्या दिवशी त्यानं खिडकीत दिलेली डबी लॅबवाल्यानं परत केली, म्हणाला ही नुसती लाळ आहे, सकाळी उठल्या उठल्या छातीतला घेऊन या. बरा झालेला माणूस छातीतला आणणार कुठून?

आणि कागद उद्या दुपारपर्यंत पाहिजे होता. तो मागत होते महिबूबमास्तर.

मास्तर म्हणजे न्यू गुलबहार ब्रास बँडचे मालक. बिभीषण त्यांच्याकडं क्लॅरनेट वाजवायचा आणि मी खुळखुळा. खुळखुळ्याला अक्कल लागत नाही, मनगट लागतं. क्लॅरनेटचं तसं नाही. नवरी निघते तेव्हा तिची आई कुठल्या जागेवर रडणार हे बिभीषणला आधी कळायचं. तिथं तो सूर असा खाली सोडायचा की आईच्या आधी आचारी रडायचे. आजारपणात मास्तरांनी क्लॅरनेट काढून घेऊन दुकानातल्या कपाटात ठेवलं होतं. तोंडात धरायचं एकच आणि वाजवणारे चार, माझ्या पोरांचा जीव आहे, असं त्यांचं म्हणणं. बिभीषणला ते पटायचं. सहा महिने तो घरी लाटण्यावर बोटं फिरवत बसायचा. पोळ्या लाटायच्या असल्या की पारूमावशी लाटणं मागायची आणि तो म्हणायचा, अंतरा होऊ दे.

तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू. त्याआधी मास्तर माणसं पक्की करायचे. सांगोल्याचा एक वाजवणारा ठरवून ठेवला होता. मास्तरांनी बिभीषणला स्पष्ट सांगितलं होतं, "नमाजात तुझं नाव घेतो रे, पण क्लॅरनेट कागद बघून देणार. उद्या जोहरपर्यंत कागद नाही आला तर मी सांगोल्याला फोन करणार."

मिरच्यांचा धूर खाली बसल्यावर बिभीषणनं खाकरून खाकरून डबीत काहीतरी टाकलं. ते आम्ही सगळ्यांनी उजेडात धरून बघितलं. त्याला बेडका म्हणायला मन होत नव्हतं. तरी मी डबी खिशात घातली. माझी डाळमिल दवाखान्याच्या पुढंच होती, सायकलवर जाता जाता देतो म्हणालो.

लॅबवाल्यानं खिडकीत डबी घेतली, झाकण काढलं, हलवली आणि म्हणाला, "पाणी आहे हे."

मी म्हणालो, साहेब, गरीब माणूस आहे, जेवढं आहे तेवढं आणलंय.

तो हसला नाही. चष्म्यावरून बघत त्यानं दुसरी रिकामी डबी पुढं केली, पेशंटला उद्या सकाळी पाठवा म्हणाला. उद्या दिला तर कागद परवा. परवापर्यंत सांगोल्याचा माणूस एसटीत बसलेला असणार.

मी डबी घेऊन सायकलस्टँडमागच्या लिंबाखाली गेलो. मला विचार करायचा होता, पण विचाराच्या आधी खोकला आला. दसऱ्यापासून मला खोकला होता. डाळमिलमध्ये तुरीची टरफलं उडतात, तिथं सगळेच खोकतात. खोकलो, डबी हातात होतीच, आणि झाकण लावायच्या आत हिशेब लागला. बिभीषण बरा आहे, म्हणून त्याला बेडका येत नाही. मीही बरा आहे, पण मला येतो. बरा माणूस बऱ्या माणसाला बेडका उसना देतोय. यात खोटं कुठं आहे?

खिडकीत गेलो. लॅबवाल्यानं विचारलं, एवढ्यात कसा आणला? मी म्हणालो, पेशंट बाहेरच बसलाय, जोर केला बिचाऱ्यानं. त्यानं डबी उजेडात धरली. "हं, याला म्हणतात बेडका," तो म्हणाला आणि डबीवर लिहिलं, बिभीषण कसबे.

मिलमध्ये दिवसभर मी खुशीत होतो. बिभीषणला सांगायचं नाही असं ठरवलं. तो फार सरळ होता, सांगितलं असतं तर जाऊन परत लाळ देऊन आला असता. पुढं कधीतरी, त्याच्या लग्नाच्या वरातीत, सगळ्यांसमोर सांगायचं. एवढा मोठा जोक माझ्याकडं दुसरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी कागद आणायला आम्ही निघालोच होतो, तेवढ्यात उजळंबेसाहेबांची मोटरसायकल गल्लीत शिरली. टीबीच्या पेशंटांवर देखरेख ठेवायचं काम त्यांच्याकडं होतं. कुणी गोळ्या चुकवल्या की ते शोधत यायचे. शेतात, लग्नात, एकदा तर एकाला तमाशाच्या तंबूत जाऊन गोळ्या दिल्या होत्या. ते चांगल्या बातमीसाठी कधी पेट्रोल जाळत नसत.

गाडीवरून उतरून त्यांनी पारूमावशीकडं पाणी मागितलं. प्यायले. मग बिभीषणला म्हणाले, "पॉझिटिव्ह आलंय."

बिभीषण त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. पारूमावशी म्हणाली, त्यानं एक वार चुकवला नाही साहेब, सिस्टरला विचारा. साहेब म्हणाले माहीत आहे, कार्ड मीच बघतो, म्हणूनच स्वतः आलो. औषध पूर्ण होऊनही जंतू आहेत, म्हणजे औषधाला दाद दिली नाही. आता दुसरा कोर्स, आठ महिन्यांचा. पहिले दोन महिने सुया.

"बेडका तुझाच होता ना?" साहेबांनी विचारलं. "आधी लाळ, मग एकदम एवढा. लॅबवाला म्हणत होता."

"माझाच," बिभीषण म्हणाला. त्याला तसंच वाटत होतं. "अंगदनं नेला."

साहेब माझ्याकडं वळले. "वाटेत अदलाबदल नाही ना झाली?"

त्या क्षणाला मी बऱ्याच वेळा परत गेलोय. सहा-सात माणसं उभी होती. सगळी माझ्याकडं बघत होती, आणि माणसं माझ्याकडं बघायला लागली की माझ्या तोंडातून एकच प्रकारची गोष्ट निघायची.

"साहेब," मी म्हणालो, "बाकी सगळं चोरीला जातं आपल्याकडं, पण थुंकी अजून कुणी चोरत नाही."

लोक हसले. बिभीषणही हसला. उजळंबेसाहेबांच्या मिशीखालीसुद्धा काहीतरी हललं, आणि त्यांनी पिशवीतून नवीन कार्ड काढून त्यावर नाव घातलं.

मास्तरांनी त्या दुपारी सांगोल्याला फोन केला.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. लॅबवाल्याची चूक झाली असं मी स्वतःला सांगितलं. ते दोन दिवस चाललं. मग सांगितलं की पॉझिटिव्ह म्हणजे थोडं कमीजास्त असेल. वैरागच्या एका पोरीशी माझी सोयरीक चालू होती, पंधरा दिवसांनी साखरपुडा होता आणि टीबीवाल्याला पोरगी कोण देतंय. सीझनभर खुळखुळा वाजवायचा होता. आणि सुयांचं म्हणाल तर सुया ताकदीच्या असतात असं मी धरून चाललो होतो. बरा माणूस सुया घेऊन आणखी बरा होईल, एवढंच ना?

एकदा बिभीषणबरोबर दवाखान्यात गेलो तेव्हा सिस्टरला विचारलंही. म्हटलं, सिस्टर, समजा एखाद्याला काहीच झालेलं नाही आणि त्याला ह्या सुया दिल्या, तर काय होईल? सिस्टर सुई भरत होती. म्हणाली, काहीच झालेलं नसलं तर आम्ही कशाला देऊ?

आठवड्याला तीन सुया. सोमवारी उजव्या बाजूला, बुधवारी डाव्या, शुक्रवारी जिथं जागा सापडेल तिथं. तो बाजेवर पालथा पडून राहायचा. मास्तरांचा जीव त्याच्यावर होता. त्यांनी त्याला तालमीला यायला परवानगी दिली, पण दाराबाहेरच्या बाकावर. तिथं बसून तो सांगोलेवाल्याच्या चुका काढायचा. कोमल चढवायलास बे, खाली घे. सांगोलेवाला चिडायचा, पण घ्यायचा.

महिना झाला असेल. एका तालमीनंतर बिभीषणनं मला बाकावर बोलावलं.

"तुझा खुळखुळा रिकामा झालाय का बे?"

"का?"

"हात हलतोय तुझा. आवाज येईना."

मी खुळखुळा त्याच्या कानाशी नेऊन हलवला. तो म्हणाला, नाही. मी दुसऱ्या कानाशी नेला. नाही. मग मी बूच काढून आतले छर्रे त्याच्या तळहातावर ओतले. त्यानं ते बोटानं चाळून बघितले. "छर्रे तर आहेत," तो म्हणाला.

मी म्हणालो, माझ्या वाजवण्याला कंटाळून तुझ्या कानानं संप केला असेल.

या वेळी तो हसला की नाही ते मी बघितलं नाही. मी छर्रे भरत होतो.

मग त्याच्या कानात शिट्टी सुरू झाली. कुकर लावून कुणीतरी गावाला गेलंय असं तो म्हणायचा. मग तोल जायला लागला. दिवेलागणीला भिंतीला हात लावत चालायचा आणि लोक म्हणायचे, कसब्याचा पोरगा प्यायला लागला. पारूमावशी मला म्हणाली, अंगद्या, तू त्याच्याबरोबर असतोस, खरं सांग, घेतोय का तो? मी शपथ घेऊन नाही म्हणालो. ती शपथ खरी होती. अशा खऱ्या शपथा मी त्या महिन्यात पुष्कळ घेतल्या.

त्याचं बोलणं मोठं व्हायला लागलं. शेजारी बसूनसुद्धा तो नदीपलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखं बोलायचा. सिस्टरला त्यानं कानाचं सांगितलं नाही. सांगितलं तर सुया बंद करतील, सुया बंद झाल्या तर बेडका साफ होणार नाही आणि बेडका साफ झाला नाही तर कागद नाही, हे त्याचं गणित. "कान काय, येतील परत," तो मला ओरडून म्हणाला. "एकदा वाजवायला लागलो की उघडतील."

मी तेव्हा सांगितलं असतं, असं आता लिहायला आवडलं असतं. मी सांगितलं नाही. मी सांगितलं ते रक्त आल्यावर.

दुपारचं लग्न होतं. नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या देवळाकडं नेत होते. बँड पुढं, मी बँडच्याही पुढं, खुळखुळा हलवत उलटा चालत होतो, कारण उलटं चाललं की करवल्या हसतात. खोकला आला. युनिफॉर्मच्या पांढऱ्या बाहीवर तोंड धरलं. हात खाली घेतला तर बाही लाल. करवल्यांना वाटलं पान खाल्लंय. मास्तरांना तसं वाटलं नाही. त्यांनी हात वर करून बँड थांबवला. भर रस्त्यात, नवरदेव घोड्यावर, आणि सगळं एकदम गप्प.

वैरागची माणसं त्याच लग्नाला आलेली होती. त्यामुळं सोयरीक मोडल्याचं कळवायला त्यांना वेगळं यावं लागलं नाही.

मी तिथून सरळ दवाखान्यात गेलो. उजळंबेसाहेब व्हरांड्यात कागद लावत बसले होते. मी बाही पुढं केली. त्यांनी डबी दिली. मी म्हणालो, साहेब, मी एकदा दिलाय, तुमच्याकडं रिपोर्टपण आहे. ते बघत राहिले. मग मी लिंबाचं झाड, लाळ, दुसरी डबी, सगळं सांगितलं. सांगताना ते मजेशीर वाटत होतं. सांगून झाल्यावर मी हसायची वाट बघितली, सवयीनं.

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी हातातले कागद एकावर एक नीट ठेवले.

"सुया किती झाल्या त्याच्या?"

"अठरा."

"कानाचं काही बोलतो? ह्या सुया कानावर जातात."

मी मान हलवली. साहेब उठले आणि गाडीला किक मारायला गेले. तीन वेळा मारली, लागेना. चौथ्यांदा त्यांनी पाय वर घेतला आणि तसेच उभे राहिले, गाडीला धरून.

सुया त्याच दिवशी बंद झाल्या. बिभीषणला परत डबी दिली आणि साहेब स्वतः शेजारी उभे राहिले. जे काही निघालं ते तपासलं, तर साफ. एक्सरे साफ. दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी महिबूबमास्तरांच्या अख्ख्या पार्टीला तपासणीला बोलावलं. दुपारी लग्न असल्यामुळं सगळे लाल कोट आणि तुऱ्याच्या टोप्या घालूनच आले, आणि दवाखान्याच्या खिडकीपुढं हातात डब्या घेऊन रांगेत उभे राहिले. ट्रंपेट, ढोल, झांज, शेवटी मास्तर. सगळे साफ निघाले. बेडके सगळ्यांनी आपापले दिले.

बिभीषणला साहेबांनी एवढंच सांगितलं की तू आता बरा आहेस, औषध बंद. त्याला सोलापूरला कानाच्या डॉक्टरकडं नेलं, तिथं काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. कागदावर आलेख होता. पारूमावशीनं तो मला दाखवला. एक रेष थोडा वेळ सरळ गेली होती आणि मग घाटातून एसटी पडावी तशी खाली.

'बरा झाला' लिहिलेला कागद मात्र मिळाला. तो घेऊन बिभीषण मास्तरांकडं गेला. मास्तरांनी कपाट उघडलं, क्लॅरनेट पुसून हातात दिलं. त्यानं वाजवलं. बोटं बरोबर जागेवर होती. सूर कुठं होता ते त्याला कळत नव्हतं आणि मास्तरांच्या तोंडाकडं बघून बघून तो वर-खाली करत होता. मास्तर 'बरोबर, बरोबर' अशी मान हलवत होते. मग त्यांनी तोंड दुसरीकडं केलं आणि बिभीषण थांबला. त्यानं क्लॅरनेट स्वतःच कपाटात ठेवलं.

पारूमावशीनं तरी देवीला नारळ फोडला. पोरगा तर वाचला. सुयांनी वाचवला, असं ती सगळ्यांना सांगायची. खोबऱ्याचा मोठा तुकडा तिनं मला दिला. तू फार पळालास रे त्याच्यासाठी, म्हणाली.

उजळंबेसाहेबांनी मला एकदाच सांगितलं होतं. "मी सांगितलं तर ती चौकशी होईल. बिभीषणला ते तू सांगायचं." त्यानंतर भेटले की फक्त विचारायचे, सांगितलंस? मी म्हणायचो, आज सांगतो.

माझ्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. समोर बसून गिळायला लावणारं कुणीतरी लागतं, आणि त्या कामाला बिभीषण आपणहून उभा राहिला. साहेबांना म्हणाला, हा गोळ्या गालात धरून जोक मारत बसेल, ह्याला मीच पाहिजे. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं. माझ्या नावाचा गोळ्यांचा खोका त्याच्या घरी गेला.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सातला तो भिंतीला हात लावत यायचा, आमच्या ओट्यावर बसायचा, पाकीट फाडायचा. पाण्याचा घोट ऐकू येत नसल्यामुळं माझ्या गळ्याच्या घाटीकडं एकटक बघायचा. ती खालीवर झाली की कार्डावर खूण करायचा. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मी दर वारी तोंड उघडायचो, पण ते गोळी गिळली हे दाखवायला.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी नळाला पाणी आलं होतं. आमच्या ओट्यासमोरच सार्वजनिक नळ, पंचवीस-तीस घागरी रांगेत, बायका भांडत होत्या. बिभीषणनं पाकीट फाडलं, पण गोळ्या माझ्या हातावर दिल्या नाहीत. मुठीतच धरून बसला.

"एक बोलायचंय," तो म्हणाला. त्याच्या त्या नव्या, मोठ्या आवाजात. नळावरच्या दोघी-तिघींनी वळून बघितलं.

"माझ्यामुळं झालं बे तुला हे. सहा महिने माझ्याजवळ बसत होतास. सगळे लांब बसायचे, तू एकटा जवळ. सोयरीक गेली तुझी. मी माझ्या सुखात बरा झालो आणि तुला देऊन बसलो." तो थांबला. "माफ कर मला."

मी म्हणालो, "बिभीषण, डबीतला बेडका माझा होता."

"काय?"

"बेडका माझा होता. त्या दिवशी."

"मोठ्यानं बोल बे," तो म्हणाला आणि उजवा कान माझ्याकडं केला. "पाण्याचा आवाज आहे."

पाण्याचा आवाज नव्हता. नळाला करंगळीएवढी धार होती. मी मोठ्यानं बोललो. तो माझ्या ओठांकडं बघत होता, कपाळाला आठ्या घालून, आणि त्याला कळत नव्हतं. नळावरचं भांडण थांबलं. तिसऱ्या वेळी मी उभा राहिलो आणि ओरडलो. गल्लीच्या त्या टोकाला हाक मारावी तसा.

"तुला टीबी राहिला नव्हता. लाळ घेत नव्हते म्हणून डबीत मी थुंकलो. पॉझिटिव्ह मी होतो. सुया तुला लागल्या."

कौशीकाकूच्या हातातली घागर भरून वाहत होती. समोर आंधळे तात्या ओट्यावर उठून उभे राहिले होते. पारूमावशी रांगेत होती, पाचवी का सहावी. गल्लीतल्या सगळ्यांना कळलं. मग, सगळ्यात शेवटी, बिभीषणला कळलं. ते त्याच्या तोंडावर कसं पोचलं ते मी बघितलं.

त्यानं एकच प्रश्न विचारला. "सुया चालू होत्या, तेव्हा माहीत होतं?"

"होतं," मी ओरडलो.

त्यानं मान खाली घातली. मुठीतल्या गोळ्या घामानं ओल्या होऊन त्यांचा लाल रंग तळव्याला लागला होता. त्या त्यानं एक एक करून माझ्या हातावर ठेवल्या. पाण्याचा तांब्या उचलून दिला. मी गिळल्या. तो माझ्या गळ्याकडं बघत होता. कार्डावर खूण केली, पेन खिशाला लावलं, भिंतीला हात लावून उठला.

आणि उठता उठता काहीतरी बोलला. त्या महिन्यांत पहिल्यांदाच हळू, अगदी ओठातल्या ओठात. दोन-तीनच शब्द होते. मला ऐकू आले नाहीत.

विचारायला पाहिजे होतं. तो अजून तिथंच होता, हाताच्या अंतरावर. पण मला तोंड उघडता आलं नाही, आणि तो पारूमावशीची घागर उचलायला नळाकडं गेला.

सोमवारी सातला तो आला. बुधवारी आला. शेवटच्या पाकिटापर्यंत एकही वार त्यानं चुकवला नाही. पाकीट फाडायचा, गोळ्या द्यायचा, माझी घाटी खालीवर होईपर्यंत बसायचा आणि जायचा. आम्ही बोललो नाही. ऑगस्टमध्ये माझा बेडका, माझा स्वतःचा, साफ निघाला.

आता तो मास्तरांच्या दुकानात युनिफॉर्म शिवतो. मी पुण्यात असतो, वर्षातून एकदा गावाकडं जातो. मशीनवर बसलेला असतो. मान वर करून बघतो, ओळखतो, परत खाली घालतो. मी दारात थोडा वेळ उभा राहतो. त्या दिवशी काय म्हणालास, एवढंच विचारायचं असतं. ओरडून विचारावं लागेल.